एका जोडणीवर दोन घरं

पहाटे पावणेपाचला नळ फुरफुरला, तसा भीमराव खड्ड्यात उतरला.

नळाला दाब नव्हता म्हणून त्याने अंगणात कमरेइतका खड्डा घेतला होता आणि तोटी तळाशी नेऊन ठेवली होती. तिथे उकिडवं बसायचं, तांब्याने घागर भरायची, आणि भरली की वर सुनेच्या हातात द्यायची. सहासष्टाव्या वर्षी गुडघे या कामाला तयार नव्हते. बसताना एक कळ यायची, उठताना दोन.

आज करंगळीएवढी धार आली आणि बघता बघता दोऱ्याएवढी झाली.

"आजींनी तोटी सोडली वाटतं," जया वरून म्हणाली.

"सोडणारच की. त्यांनी भरायचं कधी?"

"तसं नाही बाबा. सहाला पाणी जातं. पिंप अजून निम्मंसुद्धा नाही."

भीमराव तांब्या तोटीखाली धरून बसून राहिला. त्याच्या घरामागे उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी गोदाबाईच्या दोन खोल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या जोडणीला तीन तोंडांचा टी बसवून तिथपर्यंत काळी नळी टाकून दिली होती. उतारावर असल्यामुळे पाणी आधी तिच्याकडे धावायचं. तिचं संपलं की याच्याकडे धार मोठी व्हायची.

साडेपाचला धार मोठी झाली. सहाला नळ हवा ओकायला लागला. पिंप काठाला चार बोटं कमीच राहिलं.

भोकरवाडी शहरात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. ज्वारीच्या रानात काचेच्या इमारती आल्या, त्यांत कॉम्प्युटरवाल्या कंपन्या आल्या, आणि कंपन्यांतल्या पोरांसाठी सोसायट्या आल्या. गावठाणाची पाण्याची लाइन मात्र ग्रामपंचायतीच्या काळातलीच राहिली होती. आता नवीन लाइन येत होती. काल दोन माणसं दारात येऊन कागद देऊन गेली. ज्यांना मीटर हवा त्यांनी आठ दिवसांत अर्ज द्यायचा. मीटर बसला की दिवसभर पाणी, दाबाने. जुनी लाइन महिन्याभरात बंद.

जयाने चहा ठेवता ठेवता कागद पुन्हा वाचला. ती अंगणवाडी सेविका होती. सरकारी कागद वाचायची तिला सवय होती.

"'या जोडणीतून अन्य कोणत्याही घरास पाणी दिलेले नाही व यापुढे दिले जाणार नाही, असे मी प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो.' खाली तुमची सही."

"परत वाच."

तिने परत वाचलं. भीमराव ओला पंचा खांद्यावर तसाच ठेवून ऐकत राहिला.

तो छत्तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. रोज सुटताना फाटकावर हात वर करून उभं राहायचं. शिपाई काखा, कंबर, पोटऱ्या चाचपायचा. छत्तीस वर्षांत त्याच्या अंगावर साधा खिळा सापडला नाही. निवृत्तीच्या दिवशीही त्याने हात वर केले होते, तेव्हा शिपाईच ओशाळला होता. खोट्या कागदावर त्याने आजवर कधी सही केली नव्हती.

दुपारी मुलाचा फोन आला. अनिरुद्ध हिंजवडीला एका कंपनीत वीज आणि लिफ्टची देखभाल करायचा. "बाबा, सही करून टाका. कोण बघायला येतंय? सगळेच करतायत."

"सगळ्यांच्या नळाला टी आहे का?"

"मग टी काढा."

"आणि म्हातारी?"

"तिला मुलगा आहे ना," तो म्हणाला.

मुलगा होता. मागच्या बारा मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहत होता. ही इमारत गोदाबाईच्या सासऱ्याच्या रानात उभी होती. रान विकलं तेव्हा विहीर राडारोड्याने बुजवली आणि तिच्यावर गाड्या लावायची जागा झाली. सगळं गेलं, एवढ्या दोन खोल्या राहिल्या. त्या गोदाबाईच्या सासरच्या गावठाणातल्या होत्या, आणि तिथून ती हलली नाही. विहिरीवरची मोटर गेली तसं तिचं पाणीही गेलं. दोन महिने तिने टँकरवरून घागरी वाहिल्या. मग एकदा घसरली आणि मनगट मोडलं.

तेव्हा भीमरावाची बायको शकू हयात होती. "तिला नळी द्यावी म्हणतो," असं भीमराव म्हणाला, तेव्हा शकू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाजारातून काळ्या नळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आली. अंगणात टाकलं आणि म्हणाली, "बसवा."

संध्याकाळी सोनबा आला. गोदाबाईचा मुलगा. मोटरसायकल त्याने फाटकातच आडवी लावली आणि तिच्यावरून उतरला नाही.

"भीमराव, मीटर घेताय म्हणं?"

सोनबा त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान होता, तरी नावाने हाक मारायचा. भीमरावाने तिकडे दुर्लक्ष केलं.

"विचार चाललाय."

"इचार कसला? घ्या. चोवीस तास पाणी हाय. फकस्त ती नळी तेवढी काढा. आमच्या आईचं काय हाय, तिला सवय लागलीया. पाणी मिळतंय म्हणून ती बसलीया तिथं. पाणी तुटलं की येईल आपोआप वर. लिफ्ट हाय, सगळं हाय."

"तिला यायचं असतं तर चार वर्षांत आली असती."

सोनबा हसला. "तुमच्यामुळं न्हाय आली." मग त्याने गाडीची किल्ली फिरवली. "आणि नळी ठेवून मीटरचा कागद लिहून दिला, तर मला बी हापिसात जाता येतंय. पेन्शन हाय ना तुम्हाला सरकारी? जपून ऱ्हावा."

तो गेल्यावर भीमरावाने फाटक लावलं आणि कडी पुन्हा एकदा ओढून बघितली. त्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या तर पाडायला पोकलेन यायला एक दिवस लागणार नव्हता, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. बिल्डरला त्या बाजूने दुसरं फाटक हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो उतार उतरून गेला. गोदाबाई दारात बसून शेळीसाठी शेवरीचा पाला खुडत होती. अठ्ठ्याहत्तरची म्हातारी, मोडलेलं मनगट वाकडंच जुळलेलं. त्या हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्याने पाला ओरबाडायची.

भीमराव उभाच राहिला. मीटरचं सांगितलं. कागदाचं सांगितलं. सोनबाचं सांगितलं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "मंग तोड."

"तसं नाही, काकी..."

"दुसरं काय सांगायला आलास? तोडायचं तर तोड. मी काय कागद करून मागितलं नव्हतं तुझ्याकडं."

ती पाला खुडत राहिली. भीमराव उन्हात उभा होता. डोक्यावर टोपी नव्हती. याच उतारावरून खाली तिची विहीर दिसायची. सहा वर्षांचा असताना तो आईबरोबर तिथे यायचा. विहिरीला हात लावायचा नव्हता. कुणीतरी पोहरा ओढून लांबून कळशीत ओतेपर्यंत थांबायचं. नवीन लग्न होऊन आलेली गोदाबाई कठड्यापाशी धुणं धूत असायची. शेवटचं लुगडं पिळून होईपर्यंत ती मान वर करायची नाही. आई एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवायची, मग तो उचलून पहिल्यावर. दगड तापलेले असायचे. हे त्याने कधी गोदाबाईला बोलून दाखवलं नव्हतं. तिनेही कधी विषय काढला नव्हता.

तो घरी परतला तेव्हा जयाने ताट वाढून ठेवलं होतं. जेवायला बसला आणि भाकरी कुस्करून तशीच ठेवली.

"हापिसात जाऊन विचारू," ती म्हणाली. "खरं काय ते सांगू. काय म्हणतात बघू."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर दोघं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेली. खिडकीपलीकडे चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ होते. भीमरावाने सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. टी कधी बसवला, नळी किती फूट, म्हातारीचं मनगट.

"थोडक्यात सांगाल का?" गृहस्थ म्हणाले. "मला पाच वर्षांनी निवृत्त व्हायचंय."

जयाने थोडक्यात सांगितलं.

"म्हणजे एका जोडणीवर दोन घरं. चालत नाही."

"तिचं नाव आमच्या घरात घातलं तर?" भीमरावाने विचारलं. हे त्याने रात्रभर ठरवून ठेवलं होतं. "माणसं तीन आहेत, चार लिहितो."

गृहस्थांनी चष्मा खाली घेतला. "नातं?"

"शेजारीण."

"शेजारीण आमच्या यादीत नाही. आई, बायको, सून, भाडेकरू आहे. यातलं काय लिहू?"

"भाडेकरू लिहा."

"लिहितो. म्हणजे त्या तुमच्या घरात राहतात. राहतात का?"

जयाने त्याची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "बाबा, नको. आपल्याकडे राहतात असा सरकारी कागद झाला, तर उद्या सोनबा तोच दाखवील. म्हणेल, ती तर इथे राहतच नाही, खोल्या रिकाम्या आहेत."

भीमरावाने खिडकीतला हात मागे घेतला. आणखी एका क्षणात त्याने स्वतःच्या हाताने म्हातारीला घराबाहेर काढलं असतं.

"मग काय करायचं, साहेब?" जयाने विचारलं.

"बाईंनी स्वतः अर्ज करायचा. त्यांना कुणी मनाई केली आहे का?"

"त्यांच्या घराचे कागद मुलाकडे आहेत."

"लाइटबिल कुणाच्या नावावर येतं?"

"त्यांच्या मिस्टरांच्या. वारले ते."

"रेशन कार्ड, मतदानाचं कार्ड?"

"आहे. त्याच पत्त्यावर."

"मग आणा. आणि रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत लाइन न्यायला वाट लागेल. मध्ये कुणाची जागा येते?"

"आमचं अंगण," भीमराव म्हणाला.

"तर तुमची संमती लागेल. कायमची. उद्या भांडण झालं म्हणून उकरून काढता येणार नाही." त्यांनी दोन कोरे अर्ज खिडकीतून पुढे सरकवले. "बाईंना घेऊन या. अर्जदार समोर लागतो. आणि मुदत सोमवारी संपते, ती मी वाढवू शकत नाही. रांग सोडा."

परत येताना बसमध्ये बसायला मिळालं तरी भीमराव दांडा धरून उभा राहिला. अंगण दीड गुंठ्याचं. बापाने गावकीची कामं सोडल्यावर बांधकामावर विटा वाहून ते घेतलं होतं. खाली दुसऱ्याची नळी गेली म्हणजे तिथे कधी खोली वाढवता येणार नव्हती. अनिरुद्ध काय म्हणेल? आणि ज्यांच्यासाठी द्यायचं ते कोण? त्याच्या डोक्यात तेच तेच फिरत राहिलं.

"तुम्हाला नको वाटत असेल तर नका देऊ," जया म्हणाली. "मी काही म्हणणार नाही."

"तुझी खोली वाढवायची होती ना वर?"

"वर वाढवायला खालची नळी कशाला आडवी येतेय?"

भीमराव हसला नाही, पण दांड्यावरचा हात थोडा सैल झाला.

खरी अडचण पुढेच होती. गोदाबाई अर्ज करायला तयार होईना.

"पोराच्या इरुद्ध कागद करू?" ती म्हणाली. "लोक थुकतील माझ्या तोंडावर."

"पोराविरुद्ध नाही, आजी. पाण्यासाठी," जयाने समजावलं.

"तेच की गं. त्यो म्हणतो पाणी वर हाय. मी म्हणते मला हितं पायजे. मंग इरुद्धच झालं."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. सकाळी खड्ड्यात बसलं की धार बारीक झालेली दिसायची, आणि म्हातारी भरतेय एवढं कळायचं. लोक मीटरबद्दल काय काय बोलत होते. कुणी म्हणे नुसत्या हवेनेसुद्धा काटा फिरतो, कुणी म्हणे पाहुणे आले तरी परवडणार नाही. भीमरावाला त्याची काळजी नव्हती. पाणी मोजून वापरायचीच त्याला सवय होती. त्याला सोमवारची काळजी होती. रविवारी सकाळी तो उठला आणि सरळ उतार उतरून गेला. जया मागून आली.

"काकी, मी खोटी सही करणार नाही," तो दारातूनच म्हणाला. "उद्या माझा अर्ज देणार. मीटर बसला की नळी तुटणार. तुम्हाला पाणी हवं असेल तर उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. नसेल तर सोनबाकडे जा."

गोदाबाई चुलीपुढून उठली. तिचा चेहरा धुराने लाल झाला होता.

"आत्ता आलं व्हय बाहेर," ती म्हणाली. "तुझ्या आईला उभं केलं हुतं मी. इसरले न्हाय मी. तू बी इसरला न्हाईस. त्याचा दावा साधतोस आज."

जया जागच्या जागी थांबली. शेळी दाव्याला हिसका देत ओरडली.

भीमरावाला वाटलं होतं, हा विषय कधी निघाला तर आपण खूप बोलू. आईच्या पायांबद्दल बोलू. आता निघाला तर त्याला आधी नळी आठवली.

"दावा साधायचा असता तर चार वर्षांपूर्वी नळीच दिली नसती," तो म्हणाला. "तुमचं मनगट मोडलं होतं तेव्हा दाराला कडी लावून बसलो असतो. रोज पहाटे तुमचं भरून होईपर्यंत मी खड्ड्यात बसतो, काकी. गुडघे माझे जातायत. मी मोजत नाही. पण खोटं लिहायला सांगू नका. आणि माझ्या डोक्यावर बसून पाणी पिऊ नका. तुमचं तुम्ही मागा."

भीमराव वळला. उतार चढताना जयाने हात पुढे केला, तो त्याने घेतला.

सोमवारी आठ वाजता तो फाटकातून बाहेर पडला, तर गोदाबाई कुंपणाशी उभी होती. धुवट हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, काखेत प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत चार वर्षांची लाइटबिलं दोऱ्याने बांधलेली.

"कोनती बिलं लागत्यात ठावं न्हाय," ती जयाला म्हणाली. "समदी घेतली."

भीमरावाकडे तिने बघितलं नाही. रिक्षात ती कडेला बसली, जया मध्ये. खिडकीशी गृहस्थांनी विचारलं, "अंगठा की सही?" तेव्हा ती म्हणाली, "सही करते," आणि वाकड्या मनगटाने एकेक अक्षर रेटत कागदावर बसवलं. मागची रांग कुरकुरली. गृहस्थ त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बाई सही करतायत. तुम्ही विमान पकडायला निघाला नाही आहात."

मग भीमरावाने त्याची संमती लिहून दिली. कायमची. सही करताना पेन एकदा अडकलं, पुन्हा सुरू झालं.

वीस दिवसांनी माणसं आली. रस्त्यापासून फाटकापर्यंत त्यांनी खणलं. पुढचं ज्याचं त्याने खणून द्यायचं होतं. भीमराव, अनिरुद्ध आणि जया तिघंही सकाळपासून लागले. उन्हाळ्याने जमीन दगडासारखी झाली होती. पहार मारली की हाताला झिणझिण्या यायच्या आणि ढेकूळ तेवढंच निघायचं. अनिरुद्धने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं होतं, पण बापाला पहार मारताना बघून त्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. जया घमेल्याने माती ओढत होती. तीनच्या सुमाराला चर उतारापर्यंत पोचला. एक पाइप भीमरावाच्या नळाकडे वळला, दुसरा सरळ खाली गेला. जुना टी फिटरने पान्याने फिरवून काढला आणि बाजूला टाकला.

तेवढ्यात सोनबा आला. या वेळी चालत आला, सोबत इमारतीतला एक जण. चराच्या कडेला येऊन त्याने बुटाचा पाय पाइपावर ठेवला.

"काम थांबवा," तो फिटरला म्हणाला. "त्या घराचा वाद हाय."

फिटर थांबला. त्याला वादाशी घेणं नव्हतं. त्याला चार ठिकाणी जायचं होतं. "कागद आहे का थांबवायचा?"

"आणतो. उद्या आणतो."

अनिरुद्धने पहार घट्ट धरली. भीमरावाने त्याच्या दंडावर हात ठेवला. आता एक शब्द वाढला की पोलीस, मग कोर्ट, मग पेन्शन, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

गोदाबाई खालून चढून आली. दम लागला होता. मुलाच्या समोर येऊन थांबली.

"पाय काढ."

"आई, तुला कळत न्हाय. ह्यांच्या अंगणातनं पाणी घेणार तू? पोरगा जिता असताना? लोकं काय म्हणतील?"

"चार वर्सं घेतलं, तवा लोकं काय म्हणाली?"

"तू वर चल. मी सांगतो..."

"वर मला झोप येत न्हाय. खाली वाकून बघितलं की गाड्या दिसत्यात. आपली हीर बुजवून लावल्याल्या गाड्या." तिचा आवाज चढला नाही. "तू मला भाकर दे, नको देऊस. म्या मागत न्हाय. पर पाइपावरचा पाय काढ, सोनबा."

सोबतचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. सोनबाने आईकडे बघितलं, मग फिटरकडे, मग भीमरावाकडे. पाय काढला. मातीचा एक गोळा चरात पडला.

"तुम्हाला बघून घेतो," तो भीमरावाला म्हणाला आणि गेला.

साडेपाचला दोन्ही मीटर बसले. एक भीमरावाच्या भिंतीला, दुसरा गोदाबाईच्या उंबऱ्याशी, सिमेंटच्या छोट्या चौकटीत. फिटरने रंगाचा डबा काढला आणि चौकटीच्या झाकणावर बारीक कुंचल्याने लिहिलं.

"काय लिवलं त्यानं?" गोदाबाईने जयाला विचारलं.

"तुमचं नाव. गोदाबाई मारुती खुटवड."

"परत वाच."

जयाने परत वाचलं. म्हातारी वाकून त्या ओल्या रंगाकडे बघत राहिली. मग तिने तोटी सोडली. पाणी आलं, जाड, जोरात, सगळीकडे उडालं. तिने घाबरून तोटी लगेच बंद केली.

वर भीमराव चर बुजवत होता. अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, राहू द्या, उद्या करू." तो ऐकायला तयार नव्हता. सगळी माती आत लोटली. मग शेजाऱ्याकडून माती दाबायचं धुम्मस आणलं आणि फाटकापासून सुरुवात केली. उचलायचं, आपटायचं, एक पाऊल पुढे सरकायचं. दर थोड्या वेळाने तो मान वर करून सोनबाच्या सातव्या मजल्याकडे बघायचा. तिथे गॅलरीच्या कठड्याला टेकून कुणीतरी उभं होतं.

उतारापर्यंत पोचला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. माती कधीच बसली होती. चर कुठून गेला हेसुद्धा आता ओळखू येत नव्हतं. भीमराव फाटकापाशी परत गेला आणि पुन्हा पहिल्यापासून धुम्मस मारायला लागला.